सिद्ध प्रयोग

सीताबर्डीच्या फुटपाथवर मला जादूटोण्याचं एक जुनं पुस्तक मिळालं. जुन्या शब्दांचा नाद, म्हणून घेतलं. त्यात 'प्रयोग' म्हणजे विधी आणि 'सिद्ध' म्हणजे जप करून भारलेला, हे मला ठाऊक होतं.

मोठी बहीण माहेरी असताना तिला कावीळ झाली. भाऊजी आले आणि पुस्तक त्यांच्या हाती पडलं. माणूस शाळेत विज्ञान शिकवतो. 'सिद्ध प्रयोग' वाचून मला म्हणाले, "हे पाय, तपासून लिहून आहे. दवाखाना कायले पाहिजे?" त्यांनी मुळ्यांच्या तुकड्यांची माळ तिच्या डोक्यावर ठेवली. माळ वाढत गळ्यात आली की कावीळ उतरली, असं पुस्तक म्हणत होतं. आठ दिवस अख्खं घर त्या माळेकडे बघत बसलं. तिचे डोळे हळदीसारखे होत गेले. नवव्या दिवशी ती शुद्धीवर नव्हती.

ती वाचली. डॉक्टरांनी विचारलं, इतके दिवस काय करत होतात?

त्यांचा संताप येतोच, पण त्याहून जास्त माझा येतो. त्या दोन शब्दांचा जुना अर्थ घरात फक्त मला माहीत होता. आमच्याकडे जावयाला उलटून बोलत नाहीत, म्हणून मी तो गिळला आणि त्यांच्या ताटात आणखी एक पोळी वाढली.