सत्तेचाळीस मिनिटांचं चित्र

स्वयंपाकघरं बांधून देणाऱ्या एका दुकानासाठी ती घरी बसून चित्रं करायची. गिऱ्हाइकाने ओट्याचं माप, फरशी, कपाटांचा रंग ठरवला की तयार झाल्यावर ते सगळं कसं दिसेल हे ती कॉम्प्युटरवर हुबेहूब उभं करून पाठवायची. दुकानात तिला सगळे चित्रवाली म्हणत. नाव विचारायची कुणाला गरजच पडली नव्हती.

चित्र मांडायला तासभर लागे, त्याचं तिला काही वाटत नसे. जीव जायचा तो त्यानंतर. शेवटचं बटण दाबलं की कॉम्प्युटर उजेडाचं आणि सावल्यांचं गणित करत बसायचा आणि एका चित्राला सत्तेचाळीस मिनिटं खायचा. तेवढ्यात दुकानदाराचे तीन फोन.

"मॅडम, पार्टी समोर बसलीय. दुसरा चहा झाला त्यांचा."

"होतंय हो. साठ टक्के झालंय."

"मघाशी पण साठच होतं!"

हे गणित करणारं ग्राफिक्स कार्ड सहा वर्षांचं होतं आणि नवं घेणं इतक्यात जमणार नव्हतं. शेवटी तिने दादाला फोन लावला. दादा, म्हणजे तिचा मोठा भाऊ, दुसऱ्या शहरात कॉम्प्युटर दुरुस्त करायचा.

"ओव्हरक्लॉक कर," तो म्हणाला. "कारखान्यातून कार्डाला एक वेग ठरवून दिलेला असतो. तो थोडा वाढवता येतो."

"जळेल ना!"

"घाई केलीस तर त्रास होईल. पंचवीस-पंचवीस मेगाहर्ट्झने वाढव. प्रत्येक वेळी अर्धा तास चाचणी चालव आणि तापमानावर डोळा ठेव. पंच्याऐंशी अंशांच्या वर गेलं की थांबायचं. स्क्रीन काळी झाली किंवा ठिपके दिसले की मागे यायचं. आणि व्होल्टेजला हात लावायचा नाही. अजिबात."

तिने सगळं वहीत लिहून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी दुपारी कामाला लागली. पंचवीस, ठीक. पन्नास, ठीक. पंच्याहत्तर, ठीक. शंभरला स्क्रीन काळी झाली. पण कॉम्प्युटर पुन्हा चालू झाला. ती मुकाट्याने पंच्याहत्तरवर परत आली. चाचणी संपली तेव्हा तापमान चौऱ्याऐंशी होतं, म्हणजे हद्दीच्या आत. मग तिने मोठ्या आशेने दुकानाचं चित्र लावलं.

एकोणपन्नास मिनिटं लागली.

तिचा विश्वास बसेना. पुन्हा लावलं. पुन्हा एकोणपन्नास. वेग वाढवून वेळ वाढला होता! तिसऱ्या खेपेला तर अडतिसाव्या मिनिटाला प्रोग्रामच बंद पडला, आणि अर्ध्यावर आलेलं चित्र गेलं ते गेलंच.

"दादा, तू मला वेड्यात काढतोस का?" ती फोनवर ओरडली. "दोन दिवस घातले मी यात. दुकानदार माझ्या नावाने बोटं मोडतोय!"

"तापमान किती होतंय खऱ्या कामात?"

"सत्त्याऐंशी."

"मग बरोबर आहे. इतकं तापलं की कार्ड स्वतःला वाचवायला आपणहून हळू होतं. मुळात इतकं तापतंय कशाने? मागची गरम हवा कुठे जाते?"

तिने टेबलाखाली पाहिलं. कॉम्प्युटर एका लाकडी कपाटात होता. सुबक, गुळगुळीत, चारी बाजूंनी बंद. ते तिच्या सासऱ्यांनी केलं होतं. जन्मभर सुतारकाम केलेला माणूस. दोन वर्षांपूर्वी हात थरथरू लागले आणि हत्यारं पेटीत गेली. त्याआधी त्यांनी केलेली ही शेवटची वस्तू. सुनेच्या मशीनवर धूळ बसू नये म्हणून त्याला असं बेमालूम दार लावलं होतं की फट शोधून सापडू नये.

हे त्यांना सांगायचं कसं? तिने सोपा मार्ग काढला, दार उघडं ठेवायचं. पण सासरे जाता-येता ते लावून टाकायचे.

"धूळ जाते गं आत."

"असू दे बाबा, थोडा वेळ."

"थोडा वेळ म्हणता म्हणता थर बसतो."

ती उघडायची, ते लावायचे. आठवडाभर हेच. कधी चित्र एकोणपन्नास मिनिटं घ्यायचं, कधी मध्येच कोलमडायचं. शनिवारी सासरे डोळे तपासायला गेले तेव्हा तिने कॉम्प्युटर सरळ बाहेर ओढून टेबलावर ठेवला. तापमान सत्तरवर आलं. चित्र लावलं, ते बेचाळीस मिनिटांत झालं. ती आनंदाने उठली, तर दारात सासरे उभे. रिकाम्या कपाटाकडे बघत होते.

"काय झालं याला?"

तिने सांगितलं. चाचरत, बरंचसं गाळून. त्यांनी ऐकून घेतलं.

"चाळीस वर्षं गिऱ्हाइकं तोंडावर सांगत आली," ते म्हणाले. "दार घासतंय, फळी वाकलीय. मी दुरुस्त करून दिलं. तू आठवडाभर नुसती दार उघडत बसलीस. एवढं सांगायला तुला तोंड नव्हतं?"

"तुम्हाला वाईट वाटेल म्हणून..."

"आता वाटलं ते बरं झालं का?"

त्यांनी कॉम्प्युटरच्या मागे तळहात धरला आणि गरम हवा लागताच झटकन मागे घेतला. मग पेटी उघडून पेन्सिल काढली. कपाटाच्या पाठीवर त्यांनी चौकोन आखला. रेघ थरथरत गेली, तरी मापात होती. करवत मात्र तिच्या हातात दिली.

"मला नाही जमायचं, बाबा."

"मला तरी कुठे जमतंय? धर."

पुढचा तास दोघांनाही जड गेला. ती जोर लावायची आणि पातं अडकायचं. "दाबू नकोस. ओढ. अगं ओढ म्हणतोय!" असं ते दहादा सांगत आणि अकराव्यांदा कपाळावर हात मारून घेत. तिलाही संताप येत होता, त्यांचा, करवतीचा, स्वतःचा. अखेर चौकोन निघाला. एका बाजूने तिरपा, कडा कुरतडल्यासारख्या. सासऱ्यांनी त्यावरून बोट फिरवलं आणि ते घासकागद घेऊन बसले. कडा घासण्यापुरते हात चालत होते.

कॉम्प्युटर पुन्हा कपाटात गेला. तापमान त्र्याहत्तरवर थांबलं. पंच्याहत्तरच्या वाढीवर दोन मोठी चित्रं मात्र कोलमडली, म्हणून तिने वाढ साठवर आणली आणि मग सलग तीन दिवस काही बिघडलं नाही. वेळ बेचाळीस मिनिटंच राहिला. तिला राहवेना, म्हणून एकदा वाढ पूर्ण काढून, कारखान्याच्या मूळ वेगावर चित्र लावून पाहिलं. चव्वेचाळीस. म्हणजे तीन मिनिटं नुसत्या हवेने वाचवली होती. ज्या ओव्हरक्लॉकिंगपायी पंधरा दिवस डोकं फोडलं, त्याच्या वाट्याला आली दोन.

तिने दुकानदाराला कळवलं, आता पाच मिनिटं लवकर होईल.

"बरं," तो म्हणाला. "त्या पार्टीला फरशी बदलायचीय. पुन्हा पाठवा ना."

तिने फरशी बदलली, बटण दाबलं आणि दादाला फोन केला. तो सगळं ऐकून खूश झाला.

"छान! आता मेमरीचा वेग राहिला. तोही वाढवता येतो. फक्त पन्नास-पन्नासने..."

"दादा," ती म्हणाली, "फोन ठेव."