खिडकीबाहेरचा तास

शेजारचे सर निवृत्त झाले, पण आवाज अजून शेवटच्या बाकापर्यंत पोचतो. माझी नात आठव्याच महिन्यात जन्मली, म्हणून घरात आम्ही सगळे कुजबुजत होतो. बाळंतिणीच्या खोलीत परक्याने जायचं नाही, म्हणून सर रोज सकाळी खिडकीबाहेर उभे!

"ऐक गो बाय! तुझ्या मेंदूतल्या पेशी सुपारीच्या झाडावर गडी चढतो तशा चढल्या. मागून आलेली जुनीला ओलांडून वर बसली! आता त्यांना फांद्या फुटतायत, एकमेकींना भिडतायत." मग मला दटावायचे, "अहो, गप्प काय? बोला तिच्याशी!"

काल त्यांनी नुसतं "ऐक गो" म्हटलं आणि तिने खिडकीकडे मान वळवली.

"भिडली! फांदी भिडली!" सर अंगणात नाचायला लागले.

आणि इतके दिवस कुजबुजणारा मी त्यांच्याहून मोठ्याने ओरडलो, "गो बाय!"