गुडघेदुखीची पुडी

पुडीत काय आहे ते मी शोधून काढलं, पण ती आणणाऱ्या मावशींचं नाव विचारायचं राहूनच गेलं. शाहूवाडीहून आलेल्या मावशींनी कोल्हापूरच्या आमच्या प्रयोगशाळेबाहेर चपला काढल्या आणि गुडघेदुखीवरचं बाजारातलं झाडपाल्याचं औषध टेबलावर ठेवलं. आमचं यंत्र रेणूचं वजन मोजून पदार्थ ओळखतं, हे ऐकून त्या खो-खो हसल्या.

"वजनावरनं? आमच्या गल्लीत माझ्याच वजनाच्या चार बायका हायत की!"

"इतकं बारीक तोललं, तर चौघी वेगळ्या भरतील."

पुडीत स्टेरॉइड निघालं. मी चाचरत सांगितलं आणि डॉक्टरांकडे जायला बजावलं.

"वाटलंच मला. दोन दिसात पळाय लागलो, तवाच म्हटलं, ह्यो नुसता पाला न्हवं."

मावशी चपला घालून झपाझप निघाल्या.

"डॉक्टरांकडेच ना?"

"जातो की. आधी त्या पुडीवाल्याला गाठतो, गुडघं चालत्यात तवर!"