वहिनीची पाचर

माझी वहिनी मारकी. हे आधीच सांगून टाकते, नाहीतर म्हणाल नणंद आहे, भावजयीची चुगली करते. चुगली कसली! मी तिच्या हातचा मार खाल्लाय. लग्न होऊन आली त्याच महिन्यात मी गॅसवर दूध ठेवून शेजारी गप्पा हाणायला गेले. दूध उतू जाऊन गॅस विझला, घरभर वास. परत आले तर तिने माझ्या कानाखाली असा जाळ काढला की त्या कानाने संध्याकाळपर्यंत ऐकू येईना. मग स्वतःच माझा कान शेकत बसली. "मेली असतीस तर?" एवढंच म्हणाली.

तिचं मारणं हे असं. ज्याच्यावर जीव, त्याच्यावर हात.

ती पॉवर प्रेसवर कामाला होती. पत्रा आत सरकवायचा, बटण दाबायचं, वरून लोखंडी ठोकळा दणकन खाली येतो आणि पत्र्याची क्लिप होते. मोटारीत बसते, बोटाएवढी. मी त्याच शेडमध्ये पॅकिंगच्या टेबलावर. पुढे या क्लिपा बाहेरच्या देशातून स्वस्तात यायला लागल्या आणि आमची शेड बंद पडली. आणि गंमत बघा, माझा दादा, म्हणजे तिचा नवरा, गोदामात हमाल होता. त्याच क्लिपांची लाकडी खोकी तो जहाजाच्या मालातून उतरवून घ्यायचा. ज्या मालावर नवरा पोट भरतो, त्याच मालाने बायकोची नोकरी खाल्लेली! जेवताना रोज जुंपायची. एकदा तिने भरलं ताट त्याच्या अंगावर भिरकावलं. दादाने शर्टावरचा भात वेचून खाल्ला आणि म्हणाला, "मीठ कमी आहे." असा माणूस. त्याच्याशी भांडणार तरी कसं?

मग सरकारने जाहीर केलं: बाहेरून येणारे भाग इथेच बनवा, जितके नग काढाल तितकं अनुदान मिळेल. काय टाळ्या वाजवल्या आम्ही! शेडचं कुलूप उघडलं, मशीनचा गंज खरवडला, आणि मालकाने सगळ्यात आधी वहिनीला बोलावणं धाडलं. तिकडे खोकी यायची थांबली आणि दादा घरी बसला. वहिनीने चार दिवस बघितलं, पाचव्या दिवशी त्याची कॉलर धरून शेडवर आणलं आणि शेजारच्या प्रेसवर उभं केलं.

आता त्या पाचरीचं सांगते. प्रेसला दोन बटणं असतात, लांब लांब. दोन्ही हातांनी एकदमच दाबावी लागतात. का, तर एकही हात ठोकळ्याखाली राहू नये. पण त्यात वेळ जातो. वहिनीने काय केलं, एका जुन्या खोक्याची ढलपी तासली आणि डाव्या बटणात ठोकून बसवली. बटण कायमचं दाबलेलं. मग डावा हात पत्रा सारायला मोकळा, उजव्याने नुसतं टकटक. नग दुप्पट निघाले. आमचा सुपरवायझर सदा ओरडत असायचा, म्हणून आम्ही त्याला भोंगा म्हणायचो. भोंग्याने ती ढलपी बघितली, न बघितल्यासारखं केलं, आणि दुसऱ्या दिवशी सगळ्या प्रेसवर तशाच ढलप्या. सगळे म्हणायला लागले, वहिनीची पाचर. काय तिचा तोरा! घरी येऊनसुद्धा त्याच गप्पा.

दादा मात्र पाचर लावेना. "मला भीती वाटते," म्हणाला सरळ. त्याचे नग कमी पडायचे. भोंग्याने एकदा भर शेडमध्ये त्याला सुनावलं, "बायकोच्या पदराखाली किती दिवस लपणार?" वहिनीचं डोकं सटकलं. पण भोंग्यावर नाही, दादावर. तिने हातोडी उचलली आणि त्याच्या प्रेसवर स्वतः पाचर ठोकली. "कालच्या पोरी चालवतात, तुलाच काय धाड भरलीय?" दादा गुपचूप कामाला लागला.

त्याच आठवड्यात झालं ते. एक क्लिप आत अडकली. डाव्या हाताने दादा ती काढायला गेला आणि वाकताना उजवं कोपर बटणाला लागलं. ठोकळा आला.

दादा ओरडलासुद्धा नाही. मी टेबलावरून बघितलं तर तो उभा, आणि हात आत. रक्त उडून पुढच्या पत्र्यांवर पडलेलं. वहिनीने झेप घेऊन मेन स्विच पाडला, प्रेसच्या मोठ्या चाकाला पहार लावली आणि मला हाक मारली. आम्ही दोघींनी ते चाक उलटं फिरवलं. ठोकळा इंच इंच वर चढत होता आणि माझा भाऊ माझ्याकडे बघत होता. हात निघाला तेव्हा अंगठा तेवढा राहिला होता. वहिनीने स्वतःची ओढणी त्यावर आवळली. बाकीचं तिने डायवरून, म्हणजे ठोकळ्याखालच्या साच्यावरून, उचलून डब्यात घेतलं, दवाखान्यात बसवतील म्हणून. बसवलं नाही. ठेचलेलं कुठे बसतं?

दवाखान्यात दादा मला म्हणाला, "एवढी खोकी उतरवली गं मी. तिकडे हे इतकं स्वस्त कसं बनतं, कधी विचार नाही आला." वहिनी पायाशी बसली होती. तिने तोंड फिरवलं.

अनुदान द्यायच्या आधी तपासणीला साहेब लोक येणार होते. शेडची चूक ठरली की अनुदान बंद. म्हणून मालकाला चूक दादाची ठरवायची होती, म्हणजे त्याला हलक्या कामावरही परत घ्यायला नको. मी आणि वहिनी गेलो तर सगळ्या पाचरी गायब, मशीन पुसून लख्ख, आणि भोंगा साहेबांना सांगतोय, "दोन्ही बटणं चालू आहेत साहेब. तो माणूस पिऊन आला होता."

पिऊन! माझा दादा खोकल्याच्या औषधाला तोंड वाकडं करतो!

वहिनीने भोंग्याची मान धरली आणि त्याचं तोंड प्रेसच्या खांबावर आपटलं. नाकातून रक्ताची धार लागली. मध्ये पडायला कुणाच्या बापाची हिंमत नव्हती. तिने ओढणीच्या गाठीतून ढलपी काढली, तीच, दादाच्या मशीनवरची. हात गेला त्या दिवशीच तिने ती उपसून घेतली होती. ठोकली बटणात. भोंग्याचं मनगट पिरगाळून त्याचा हात डायवर दाबला आणि आपलं कोपर उजव्या बटणावर धरलं.

"माझा नवरा प्यायला होता ना? तू तर शुद्धीत आहेस. मग घाबरतोस कशाला? दोन्ही बटणं चालू आहेत ना!"

"पाचर आहे!" भोंगा किंचाळला. "सगळ्या मशीनवर होत्या! मीच काढायला लावल्या! सोड!"

साहेब भिंतीला चिकटले होते. इथेच थांबली असती तर जिंकली होती.

"ऐकलंत?" वहिनी साहेबांना म्हणाली. मग भोंग्याच्या कानाशी वाकली. "आणि माझ्या नवऱ्याच्या मशीनवर कुणी ठोकली?"

"तू!" तो रडत ओरडला. "तूच! सगळ्यांसमोर! मी नाही!"

वहिनीने त्याचा हात सोडला. तो लांब पळाल्यावर तिने बटण दाबलं आणि ठोकळा रिकाम्या डायवर आदळला. मग घण उचलून तिने ती बटणं फोडली. तिच्या बोटांची सालटं निघाली, तरी थांबेना. शेवटी मीच तिला मागून मिठी घातली.

दादा प्यायला नव्हता, हे साहेबांच्या कागदावर लिहून झालं. आणि अनुदान अडकलं, शेडला परत कुलूप लागलं. ज्यांच्यासोबत डबे खाल्ले त्यांनीच आमच्या खिडक्यांवर दगड मारले. एक माझ्या कपाळाला लागला, ही खूण बघा. वहिनी एरवी कोयता घेऊन बाहेर पडली असती. त्या दिवशी ती काचा वेचत बसली.

क्लिपांचं काम काही परदेशी गेलं नाही. गावाच्या दुसऱ्या टोकाला नवी शेड उघडली, अनुदान तिला. घरात कमावणारं कुणी नव्हतं. दोघी गेलो. नवे मालक, नवा सुपरवायझर, आम्हाला ओळखणारं कुणी नाही. वहिनीला प्रेसवर उभं केलं. शेजारी एक पोरगी होती, नुकतंच लग्न झालेली, हसरी. तिने खिशातून लाकडाची ढलपी काढून वहिनीच्या हातावर ठेवली.

"ही डाव्या बटणात ठोका, काकू. पटापट होतं. वहिनीची पाचर म्हणतात हिला, सगळीकडे हीच चालते."

वहिनीने तिच्या अशी थोबाडीत दिली की पोरगी मशीनपाशी मटकन खाली बसली. गाल धरून रडायला लागली, "मी काय केलं? मला का मारलंत?"

वहिनी तिच्याशेजारी फरशीवर बसली. पोरीचा डावा हात तिने स्वतःच्या दोन्ही हातांत घट्ट धरला आणि सोडेचना.

"मला तेव्हा कुणी अशी मारली नाही," ती म्हणाली, "म्हणून."