उद्याचं नाव न घेणाऱ्या कावेरीबाई

लातुरात क्लासच्या पाट्या मोजायला बसलात तर जेवणाची वेळ टळून जाईल. त्या पाट्यांखालून डॉक्टर व्हायला निघालेली पोरं दुपारी कावेरीबाईंच्या मेसमध्ये येऊन पडत आणि ताट समोर यायच्या आतच विचारत, "मावशी, उद्या भाजी कोणती?" कावेरीबाई म्हणत, आज हाय ती गोड मानून खा. नव्या पोराला वाटे, बाई तुसडी आहे. जुनी पोरं त्याला समजावत की मावशीचा हात वाढताना आखडत नाही, ती फक्त उद्याचं नाव घेत नाही.

खरंच घेत नव्हत्या. लग्नाचं आवतण आलं तरी "बघू", दिवाळीला काय करणार विचारलं तरी "बघू". लेक अक्षरा शाळेत असताना विचारायची, "आई, गॅदरिंगला येशील ना?" बाई म्हणायच्या, "बघू." आणि गॅदरिंगच्या दिवशी सगळ्यांच्या आधी जाऊन पुढच्या रांगेत बसायच्या. पोरगी स्टेजवरून आईला बघून हरखायची, पण आदल्या रात्री रडून झोपलेली असायची ती असायचीच.

आता तीच अक्षरा डब्लिनच्या दवाखान्यात नर्स होती आणि तिला सातवा महिना लागला होता. पहिलं बाळंतपण माहेरी, ही आपली रीत. पण तिला इकडं येणं जमत नव्हतं, म्हणून माहेरानंच उठून तिकडं जायचं होतं. पासपोर्ट आला, व्हिसाही आला. मेस सांभाळायला निलंग्याहून नणंद शरणम्मा यायला तयार झाली. अडलं होतं ते तिकीट. अक्षरा म्हणे, तू हो म्हण, मी काढते. आणि कावेरीबाई म्हणत, बघू. न सांगता गॅदरिंगला जाता येतं, विमानात नाही जाता येत. शेवटी पोरगी चिडली. रविवारपर्यंत सांग, न्हाईतर मी सासूबाईंना बोलावते, असं म्हणून तिनं फोन ठेवला.

प्रवास एकटीचा, म्हणून कावेरीबाई दुपारच्या रिकाम्या वेळात इंग्रजी शिकायला जात होत्या. शिकवणारी सत्यशीला मुदखेडची, विष्णुपुरीच्या कॉलेजात इंजिनिअर झालेली. यंत्रांपेक्षा माणसं बरी म्हणून बायकांना बोलायला शिकवायची. वर्तमानकाळ कावेरीबाईंनी झटक्यात उचलला. मेसमध्ये पोरं जेवताना त्या इंग्रजीत सांगू लागल्या की हा खातो आहे आणि तो नुसताच मोबाईल बघतो आहे. भूतकाळ आला तर कुणी किती चपात्या हाणल्या तेही इंग्रजीत निघू लागलं, आणि पोरं लाजून पाणी पिऊ लागली.

मग भविष्यकाळ आला. कावेरीबाई म्हणाल्या, मॅडम, एवढं एक सोडून बाकी सगळं शिकवा.

सत्यशीलाला वाटलं, अवघड वाटत असेल. तिनं समजावलं की विमानतळावरचा साहेब कुठं राहणार, किती दिवस राहणार, परत कधी जाणार, हेच तर विचारतो. कावेरीबाईंनी त्यावरही तोड काढली होती. मी आले, बाळ बघितलं, परत गेले, असं त्या सांगून टाकणार होत्या. सत्यशीला म्हणाली, "मग साहेब विचारेल, बाई, गेलात तर इथं उभ्या कशा?" सगळा वर्ग खो खो हसला. कावेरीबाईही हसल्या, पण दुसऱ्या दिवसापासून वर्गाला गेल्या नाहीत.

दोन दिवस वाट बघून सत्यशीला संध्याकाळी मेसवर आली. कावेरीबाई पातेल्यात मटकी भिजत घालत होत्या आणि त्यांचे यजमान मन्मथअप्पा कांदा चिरत बसले होते. सत्यशीलानं काही विचारलं नाही. विचारलं नाही म्हणूनच बहुधा बाईंनी सांगितलं. त्या मूळच्या किल्लारीच्या. भूकंप झाला तेव्हा सातवीत होत्या. गणपती बुडवून आल्यावर आई म्हणाली होती, उद्या औशाला जाऊ, तुला बांगड्या घेईन. पहाटे घर खाली आलं, त्यात आई गेली. सातवीतल्या पोरीनं त्याचा एवढाच अर्थ लावला, की आईनं उद्याचं नाव घेतलं म्हणून झालं. पुढं अक्कल आली, पण भीती काही गेली नाही.

सत्यशीलाचे डोळे भरून आले. ती पातेल्याकडं बघत म्हणाली, "मावशी, ही मटकी कशासाठी?"

"सकाळच्या उसळीला."

"म्हणजे रोज संध्याकाळी तुम्ही उद्याची तयारी करता. नुसतं तोंडानं म्हणत नाही, एवढंच."

कावेरीबाईंनी पातेल्यावर झाकण ठेवलं. तेवढ्यात मन्मथअप्पा डोळे पुसत म्हणाले, "आन् इंग्रजीत म्हणायला काय भ्यायचं? ज्या नशिबाला भितीस त्याला कुठं इंग्रजी येतंय?" अप्पा वर्षातून एखादा विनोद करत, तो यंदा इथं झाला.

कावेरीबाईंनी इकडं तिकडं बघितलं आणि हळूच म्हणाल्या, "आय विल मेक उसळ." सकाळ झाली, उसळ झाली, सगळे धडधाकट होते. मग त्यांना चेवच आला. आय विल गो टू मार्केट म्हणत त्या बाजारात जात आणि खरंच गेले की म्हणून खूश होत. पाऊस पडेल असं एकदा इंग्रजीत सांगून वाळवण आत घेतलं, आणि दिवसभर कडक ऊन पडलं. अप्पांनी चिडवलं, तर म्हणाल्या, शिकायलेय न अजून.

रविवारी अक्षराचा फोन आला. तिचा आवाज आधीच थकलेला होता. "काय ठरवलंस, आई?"

"आय विल कम," कावेरीबाई म्हणाल्या.

मग अक्षरा म्हणाली, "आई, मराठीत सांग."

हे मात्र कुणी शिकवलेलं नव्हतं. मराठी सगळ्यांनाच कळते, तिच्याआड लपायला जागा नसते. अप्पा पोळपाट बाजूला सारून त्यांच्याजवळ येऊन बसले. बाईंनी डोळे मिटले.

"येईन गं, बाई. तुझ्या लेकराला मांडीवर घेऊन तेल लावीन, न्हाऊ घालीन. तुला शेवया करून खाऊ घालीन. दोन महिने राहीन. काढ तिकीट."

अक्षरानं फोन कानाला घट्ट लावून धरला. सत्तावीस वर्षांत आईनं तिला दिलेला हा पहिला शब्द होता, आणि तो तिला पुरता ऐकून घ्यायचा होता.