दुसऱ्या रॅमची जागा

माझ्या धाकट्या भावाला आम्ही लहानपणापासून घुम्या म्हणतो. नाव उगाच नाही पडलं. दिवसभरात दहा वाक्यं बोलेल, त्यातली चार नुसती ‘हं’. लिफ्ट दुरुस्त करतो. लिफ्टच्या खड्ड्यात उतरून एकट्यानं काम करायचं, वरून कुणी हाक मारली तर खालून टॉर्च हलवायचा. देवानं माणूस बघूनच धंदा दिला म्हणायचं. आणि त्याचा पोरगा? खाण तशी माती. बापाची दहा वाक्यं तर याची आठ.

या दोघांच्या मधे माझी भावजय होती. बाप-लेकाचं सगळं बोलणं तिच्यातून जायचं. बाबांना सांग, फी भरायचीय. त्याला विचार, नवे बूट हवेत का. बरं, दोघं एकाच खोलीत बसलेले असायचे! मी तिला म्हणायचे, तू बायको कसली, टेलिफोन एक्सचेंज आहेस. ती खूप हसायची. दोन वर्षांपूर्वी साध्या तापाचं निमित्त झालं आणि ती गेली. मग त्या घरात बोलणारं कुणी उरलंच नाही.

मी त्यांच्याच इमारतीत तळमजल्यावर राहते, कपडे शिवते. संध्याकाळी डबा घेऊन वर जायचे तर दोघं समोरासमोर बसून खाली मान घालून जेवत असायचे. एकदा मी भाजीत मीठ घालायला विसरले. दोघांनी मुकाट्यानं संपवली. मी जेवायला बसल्यावर मला कळलं. म्हटलं, अरे मेल्यांनो, निदान मीठ तरी मागा एकमेकांकडे! दोघं हात धुवायला उठले.

पोरगा कॉलेजच्या पहिल्या वर्षाला चांगल्या मार्कांनी पास झाला, तेव्हा घुम्या मला म्हणाला, त्याला काय हवंय ते विचार. मी साफ नाही म्हटलं. एक एक्सचेंज मेलं, आता मी होणार नाही, तुला तोंड दिलंय देवानं. तो बिचारा दोनदा पोराच्या खोलीच्या दारापर्यंत गेला आणि परत आला. तिसऱ्यांदा विचारलं एकदाचं. पोरगा म्हणाला, गेम खेळता येतील असा कॉम्प्युटर हवाय, पण तयार नको, एकेक भाग निवडून घरी जोडायचा. घुम्यानं किती पैसे देता येतील ते सांगितलं आणि वर विचारलं, त्यात काय काय असतं?

झालं. मी तिथेच बसून एका फ्रॉकची शिलाई उसवत होते. फ्रॉक उसवून झाला, चहा झाला, तरी पोरगा बोलतच होता. ग्राफिक्स कार्ड चित्र काढतं, पण काय काढायचं ते त्याला प्रोसेसर सांगतो. सगळे पैसे कार्डावर उधळले तर प्रोसेसर हलका घ्यावा लागतो, मग तो मागे पडतो आणि भारी कार्ड नुसतं वाट बघत बसतं. मी म्हटलं, नाकापेक्षा मोती जड. घुम्या म्हणाला, मोटर मोठी आणि दोर बारीक. पोरगा म्हणाला, “हो बाबा, तसंच!” मी मान वर करून दोघांकडे बघितलं. इतक्या वर्षांत पोरानं बापाला असं काही म्हटलेलं मी ऐकलं नव्हतं.

त्यानंतर रोज संध्याकाळी तेच. अंथरूण पाहून पाय पसरायचे, म्हणून एक वाढवलं की दुसरं कापायचं. रंगीत दिवे गेले. काचेच्या कॅबिनेटऐवजी साधा काळा पत्र्याचा डबा आला. प्रोसेसर गेल्या वर्षीचा घ्यायचं ठरलं, कारण तो उतरलेल्या भावात मिळत होता. पोरगा पॉवर सप्लायही स्वस्तातला बघत होता, तेव्हा घुम्या चक्क रागावला. म्हणाला, विजेत कंजुषी करून जळालेल्या मोटरी मी रोज बघतो. पोरानं ऐकलं. सुट्टीच्या दिवशी दोघं दुकानं पालथी घालायचे आणि काहीच न घेता घरी यायचे. मी चिडवायचे, बायको एका भेटीत पसंत केलीस, या डब्याला किती दाखवण्याचे कार्यक्रम? घुम्या हसायचा. हसायचा तो! माझ्या जिवाला इतकं बरं वाटायचं की मी रोज एक नवा टोमणा शोधून ठेवायचे.

पण माझ्या एक लक्षात आलं. सगळं ठरत आलं की घुम्याला काहीतरी नवी शंका यायची. पंख्याचा आवाज होईल का? कार्ड डब्यात मावेल का? पोरगा पुन्हा मोबाईलवर शोधायला लागायचा, की आणखी चार संध्याकाळी निघायच्या. असे महिने गेले. शेवटी पोराचा जुना लॅपटॉप बंदच पडला, अभ्यास अडला, आणि आता घेणं भाग होतं.

उरली होती रॅम, म्हणजे ती मेमरीची पट्टी. पोराचं म्हणणं, दोन पट्ट्या घेऊ, जोडीनं बसवल्या की काम भरभर होतं. घुम्या म्हणाला, सध्या एक घेऊ, दुसरी जागा रिकामी ठेवू, पुढे बघू.

“एकीवर थोडं अडखळेल, बाबा.”

“आत्ता बजेट नाही.”

पोरानं लगेच मान डोलावली. पुन्हा विषय काढला नाही.

घुम्या मला सोडायला जिन्यापर्यंत आला. मी म्हटलं, एका पट्टीपायी पोराला कशाला नाराज करतोस, मी घालते वरचे. तर म्हणतो, पैसे आहेत ताई, बाजूला काढून ठेवलेत. मग रे? तो कठड्याकडे बघत म्हणाला, सगळं आत्ताच घेतलं तर संपलं ना. दुसरी घ्यायची असेल तर पुन्हा बसावं लागेल दोघांना. मी त्याला वेडा म्हटलं. घरी आले आणि रडले.

जोडायचं काम जेवणाच्या टेबलावर झालं. पोरगा सांगत होता, घुम्या स्क्रू पिळत होता. प्रोसेसर बसवायची वेळ आली तेव्हा पोरगा म्हणाला, बाबा, तुम्ही बसवा. घुम्यानं नखातलं ग्रीस निघेपर्यंत हात धुतले आणि मग बसवला. बटण दाबलं आणि कॉम्प्युटर पहिल्या झटक्यात चालू झाला. दोघांनी एकमेकांकडे बघितलं. मग पोरानं तो आपल्या खोलीत नेला, हेडफोन लावले आणि आम्हाला त्रास नको म्हणून दार लावून घेतलं.

आतून बोलणं ऐकू यायचं. दूरदूरच्या दोस्तांशी खेळताना तो चिडवायचा, भांडायचा, खो खो हसायचा. पोरगा घुमा नव्हताच मुळी, आमच्याशी तेवढा घुमा होता. घुम्या बाहेर जेवणाच्या टेबलाशी बसून ऐकायचा. टीव्ही लावत नव्हता. पण मला वाटलं तेवढा तो खचला नाही, कारण त्याच्या डोक्यात दुसरी पट्टी होती. एकटाच दुकानात जाऊन भाव विचारून आला. दोन्ही पट्ट्या एकाच वेगाच्या लागतात, हे त्यानं मला दोनदा समजावलं. परीक्षा झाली की विषय काढतो म्हणाला. पोरगा हल्ली सुट्टीच्या दिवशी सकाळीच मित्राकडे म्हणून निघून जायचा, त्यामुळे तो घरी सापडतही नव्हता.

परीक्षा संपली त्या संध्याकाळी आम्ही तिघं जेवत होतो. घुम्या पाणी प्यायला, त्यानं घसा साफ केला.

“ती दुसरी रॅम बघायची का आता?”

पोरगा हसला. “बसवली बाबा, मागच्याच आठवड्यात.”

मग आपणहून सगळं सांगितलं. मित्राकडे जात नव्हता, एका गोदामात खोकी उचलायला जात होता. बाबांकडे तेव्हा पैसे नव्हते, पुन्हा त्यांना खर्चात कशाला पाडायचं, म्हणून स्वतःच कमावून घेतली. तळहात सोलवटले होते, ते त्यानं आम्हाला कौतुकानं दाखवले. इतका खूश होता की कुणी काही बोललं असतं तर त्याचं पाप लागलं असतं. तरी मी तोंड उघडलंच. घुम्यानं टेबलाखालून माझा पाय दाबला.

“त्याच वेगाची घेतलीस ना?” त्यानं विचारलं.

“हो, सेम. आता दोन-तीन वर्षं काही बघायला नको, बाबा.”

“बरं झालं,” घुम्या म्हणाला.

जेवण झालं. पोरगा खोलीत गेला, दार लागलं. मी ताटं उचलली, डबा धुतला, आणि घुम्या मला सोडायला बाहेर आला. माझा संताप आवरत नव्हता. चूक कुणाचीच नव्हती, रागवायचं तरी कुणावर? मी म्हटलं, उद्या मी त्याला सगळं सांगणार, पैसे होते, कशासाठी ठेवले होते, सगळं. पोरगा गुणी आहे, रोज येऊन बसेल तुझ्याजवळ.

“बसेल गं,” घुम्या म्हणाला. “पण बोलायचं काय?”