आपल्या माणसाचे कापलेले गुण

मी पुण्याला विद्यापीठाकडून बास्केटबॉल खेळलो होतो. एवढ्या भांडवलावर इथे आखातात, जबल अलीतल्या आमच्या मालवाहतूक कंपनीने मला खेळाडूंचा परीक्षक करून टाकलं. मालकांना टीमचा भारी शौक. दरवर्षी इथल्या कॉलेजांतून एक पोरगा निवडायचा, स्टोअरकीपर म्हणून व्हिसा द्यायचा आणि कंपन्यांच्या सामन्यांत खेळवायचा. ऑफिसात याला सगळे ऐटीत ‘ड्राफ्ट’ म्हणत.

मंदी आली आणि निम्म्या खुर्च्या रिकाम्या झाल्या, तरी ड्राफ्ट चालूच राहिला. जागा एकच. शेवटी दोन गार्ड उरले, म्हणजे चेंडू पुढे आणून खेळ चालवणारे. त्यातला एक अल मजाज भागात आमच्याच इमारतीत राहणारा, मराठी. त्याचे वडील एका कंत्राटदाराकडे इंजिनिअर. त्यांना महिन्याची नोटीस मिळाली होती. पोरगा इथेच जन्मलेला, भारत त्याने फक्त सुट्टीत पाहिलेला. ही नोकरी मिळाली तर तो राहणार, नाहीतर आईवडिलांबरोबर त्यालाही जावं लागणार.

वडील मला लिफ्टपाशी भेटले. "शब्द टाका असं नाही म्हणत मी. फक्त नीट बघा त्याला," म्हणाले. मला त्यांचा रागच आला. वशिला लावणाऱ्यांतला मी नाही, हे मला जगाला दाखवायचं होतं. ही दाखवायची खोड आपल्या मराठी लोकांतच फार. दुसऱ्या गार्डच्या गावचा आमचा केरळी अकाउंटंट सरळ मालकांना सांगून आला होता, "अपना लड़का है, ले लो." मी त्याला मनातल्या मनात नावं ठेवली.

ट्रायलला मी वही घेऊन बसलो. आमचा पोरगा चांगला होता. खरं सांगायचं तर दुसऱ्यापेक्षा चांगला होता. मान वर ठेवून ड्रिबल करायचा, पास वेळेवर सोडायचा. डावीकडे जाताना मात्र जरा अडखळायचा. दुसराही अडखळत होता, ते मी सोडून दिलं. याच्यापुढे ‘डावा हात कच्चा’ असं लिहिलं आणि गुण कापले. कापताना मला छान वाटलं, हे कबूल करतो.

पोराच्या ते लक्षात आलं असावं. घाम पुसत माझ्याकडे आला. "अंकल, आय कॅन गो लेफ्ट. वॉच मी वन्स मोर?"

"खलास, वेळ संपली," मी म्हणालो. वेळ भरपूर होती.

मालकांनी माझा कागद वाचला आणि हसले. "तुम खुद अपने वाले के नंबर काट रहे हो? फिर तो बात ही खतम." तेव्हा तोंड उघडायला हवं होतं. अर्ध्या मिनिटाचं काम होतं. पण मालक पुढे म्हणाले, "ऐसा ऑनेस्ट आदमी चाहिए," आणि मी खुशीत मान डोलावली.

जायच्या आदल्या दिवशी वडील निरोप घ्यायला घरी आले. मी ओशाळून चहा पुढे केला. त्यांनी तो शांतपणे घेतला.

"तुमचे उपकारच झाले," ते म्हणाले. "दुसऱ्या कोणी नाही म्हटलं असतं तर मनात शंका राहिली असती. तुम्ही घरचे, तुम्हीच नाही म्हणालात, म्हणजे त्याच्यात नसणारच. त्याला सांगून टाकलं, आता खेळ बंद."

मी म्हणालो, "बरं केलंत."